डांबऱ्या आणि दुहेरी बाण

माया,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. कॉलेजच्या माजी विद्यार्थिनींच्या अंकाला कुणावर तरी लेख हवा आहे. संपादक मुलगी म्हणाली, "बाई, कुणीतरी मोठी झालेली घ्या ना." मोठी म्हणजे काय हे तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी तुला घेतलं. तू मोठीबिठी काही झालेली नाहीस. अजून कंत्राटी आहेस, सांगलीत दोघींत एक खोली घेऊन राहतेस आणि शंभरदा सांगूनही चहाचा कप कॉम्प्युटरला टेकवून ठेवतेस. पण डांबऱ्याची गोष्ट तुझी आहे आणि ती लोकांना कळायला हवी. आधी तुला वाचायला दिली तर तू इतक्या दुरुस्त्या सुचवशील की दिवाळीचा अंक शिमग्याला निघेल. तेव्हा आता गप्प बस. इथून पुढे तू फक्त "ती".

तर ती वडूजकडची. घर मेंढपाळांचं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून मेंढरं घेऊन नदीकाठाकडे उतरायचं, लोकांच्या शेतात रात्री मेंढरं बसवायची, लेंडीखत त्यांचं, चारा आपला, आणि पावसाच्या तोंडावर घरी परतायचं. शाळेपायी मायाला मागे ठेवत, पण सुट्टी लागली की एसटीत बसवून बिऱ्हाड ज्या गावाच्या शिवारात असेल तिकडे पाठवून देत. तिथे कारभार सुलाबाईचा. सुलाबाई म्हणजे मायाची आत्या, घरातली "आत्ती".

संध्याकाळी मेंढरांभोवती वाघर लावतात. वाघर म्हणजे दोरीचं जाळं, खुंट्यांवर ताणलेलं. आत मेंढरं, बाहेर चूल आणि चुलीपाशी सुलाबाई. एखादी मेंढी व्याली की आत असेल त्याने ओरडायचं, "एक वाढलं!" बाहेरून सुलाबाई म्हणायची, "आलं गं!" आणि तिच्या डोक्यातला आकडा बदलायचा. कागद नाही, पेन्सिल नाही. आतून हाक मारायची, बाहेरचा हिशेब बदलायचा. मायाला यात विशेष काही वाटलंच नाही. जग असंच चालतं असं ती धरून चालली. कोण कुणाला काय उत्तर देतं याकडे लहानपणी लक्ष नसतं.

पुढे ती साताऱ्याला कॉलेजात आली, संख्याशास्त्र घेतलं, आणि तिथे तिला तो बाण भेटला.

ज्यांना हे माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद गाळावा. ज्यांना नाही त्यांनी घाबरू नये, स्वयंपाकापेक्षा सोपं आहे. आकडेवारीची कामं करायला आर नावाची एक संगणकभाषा आहे. तिच्यात एखाद्या आकड्याला नाव द्यायचं तर बाण काढतात: हे नाव, हा बाण, हा आकडा. एकच काम पुन्हापुन्हा करायचं असेल तर ते फंक्शनमध्ये बांधून ठेवतात. फंक्शन म्हणजे दार लावलेली खोली समजा. आत साध्या बाणाने तुम्ही काहीही बदला, बाहेरचं जागचं हलत नाही. आतलं आतच राहतं आणि काम संपलं की पुसलं जातं. पण एक दुहेरी बाणही आहे. तो दार उघडून बाहेर जातो, बाहेरचा त्याच नावाचा आकडा शोधतो आणि तोच बदलून येतो. बाहेर सापडला नाही तर थेट अंगणात जाऊन नवा मांडून येतो. विचारत नाही, सांगत नाही.

बाकीच्या मुली या बाणाला बिचकल्या. माया खूश झाली.

"बाई, हे लय भारी हाय! आतून हाक मारली की बाहेरचं बदलतं!"

"भारी आहे, म्हणूनच हात राखून वापर," असं मी उत्तर दिलं, आणि तास संपला.

नोकरी लागली ती मेंढ्यांचीच. सांगलीत एक मेंढी सुधार प्रकल्प निघाला होता. कल्पना साधी: सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतल्या मेंढपाळांनी आपापले पैदाशीचे मेंढे प्रकल्पात दाखल करायचे, प्रकल्पाने त्यांच्या कोकरांची वाढ मोजायची, आणि ज्या मेंढ्याचं वाण चांगलं तोच मेंढा खांडात, म्हणजे कळपात, ठेवायचा. जो नापास होईल तो मालकाने खांडातून काढायचा. अट पक्की होती. आता मेंढपाळ आपला मेंढा कुणाच्या तराजूवर कशाला चढवेल? वडूजकडच्यांनी तर साफ नाही म्हटलं. मग माया स्वतः आपल्या वाडीवर गेली.

"माझ्या मेंढ्यात काय हाय त्ये मला दिसतंय," नानासो म्हणाले. हे मायाचे लांबचे चुलते, दाढी पांढरी, शब्द मोजके. "मशीनला काय दिसणार?"

"आवं नाना, मशीनचं न्हाई, माझं ऐका. गणित मी करणार हाय. आपल्या मानसावर अन्याव व्हील व्हय माझ्या हातनं?"

नानांनी बराच वेळ खराट्याच्या काडीने दात कोरले आणि म्हणाले, "घाल नाव." नानांनी घातलं म्हणून वाडीने घातलं. सुलाबाईने डांबऱ्याचं घातलं. डांबऱ्या म्हणजे नव्या सडकेसारखा काळा मेंढा, गळ्यात पितळी घंटा, आणि डोक्यात राग. मायाला त्याने दोनदा पाडलं होतं, तरी तिचा त्याच्यावर जीव.

मायाने प्रोग्राम लिहिला. वाढीची एक पातळी ठरवली आणि तिला नाव दिलं "काठी", उंच उडीला लावतात तशी. जो मेंढा काठीवरून गेला तो पास. पण मायाला माहीत होतं की सगळ्यांना एकच काठी लावणं बरोबर नाही. पलूस, तासगावकडच्या मेंढरांना उसाचं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मिळतं. हिरवं वाडं खाऊन वजन वाढवण्यात मेंढ्याचा पराक्रम तो काय? तेव्हा ज्या खांडाला वाडं मिळतं त्याच्यापुरती काठी थोडी वर करायची. वडूजकडे कुसळं आणि बाभळीच्या शेंगा, तिथे काठी मूळच्याच जागी. विचार चोख होता. कोरडवाहूत वाढलेल्या मुलीलाच सुचावा असा.

प्रत्येक खांडासाठी एकदा चालणारं फंक्शन तिने लिहिलं. आजवर किती मेंढे पाहिले याची मोजणी आतून बाहेर वाढवायला दुहेरी बाण लावला: एक वाढलं! उत्तम चाललं. मग त्याच हाताने, त्याच सवयीने, काठी वर करायलाही दुहेरी बाणच लावला.

झालं. काठी त्या खांडापुरती वर जायची ती बाहेरचीच वर गेली, आणि गेली ती खाली आलीच नाही. गावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावलेली. आटपाडी, जतवाले मूळच्या काठीवरून गेले. मग कडेगाव, वाडं, काठी वर. पलूस, आणखी वर. तासगाव, आणखी वर. वडूजचा नंबर सगळ्यात शेवटी. तोवर काठी अशी चढली होती की डांबऱ्याला पंख असते तरी तो खालूनच गेला असता.

बुधवारी यादी लागली. वडूजकडचा एकही मेंढा पास नाही.

मायाला वाईट वाटलं, पण शंका आली नाही. आपल्या माणसांच्या बाजूने शंका घ्यायचीच नाही असं तिने मनाशी ठरवून ठेवलं होतं, कुणी नावं ठेवू नयेत म्हणून. हा शहाणपणा तिला फार नडला. तिने स्वतः एकेकाला फोन करून निकाल सांगितला. सुलाबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. आटपाडीला शनिवारचा बाजार हाय. तितं न्हेते." आणि फोन ठेवला. सुलाबाईने न भांडता फोन ठेवणं हीच खरी वाईट गोष्ट होती.

शनिवारी सकाळी प्रकल्पाचे प्रमुख लालासाहेब सरांना सहीसाठी यादीची प्रत हवी होती. प्रत तयार होती. मायाने तिच्यावर चहा सांडला. (सांगितलं होतं.) कॉम्प्युटर चालूच होता म्हणून तिने प्रोग्रामच्या शेवटच्या ओळी तेवढ्या पुन्हा चालवल्या आणि नवी प्रत छापायला दिली. कागद बाहेर आला. वर मथळा, खाली एकूण मेंढ्यांचा आकडा, मधे काही नाही. एकही मेंढा पास नव्हता. आटपाडीचे नाहीत, जतचेही नाहीत.

"चहा सांडला म्हणून आटपाडी नापास?" शेजारच्या टेबलावरून प्रबुद्ध म्हणाला. हा प्रकल्पाचा जनावरांचा डॉक्टर, रहिमतपूरचा, तोंडाने मोकळा.

माया हसली नाही. ती खालच्या आकड्याकडे बघत होती. एकूण मेंढे होते त्याच्या दुप्पट. आधीची मोजणी पुसली न जाता तिच्यावरच पुढची चढली होती. म्हणजे बाहेरचा आकडा बाहेरच साठत होता. आणि मोजणी साठली असेल तर... तिने "काठी" असं टाइप करून पाहिलं. पडद्यावर आला तो आकडा तिने ठरवलेल्या काठीच्या कितीतरी वर होता.

"डॉक्टर, काठी हललीये."

"कुठली काठी?"

"माझी. बाहेरची. वडूजला चुकीची काठी लावली मी." आणि मग एकदम, "अगं आई गं, आज शनिवार!"

सुलाबाईचा फोन पप्पूने उचलला. पप्पू म्हणजे सुलाबाईचा थोरला मुलगा, ट्रक चालवतो, त्या दिवशी घरी लोळत होता.

"आई कवाच गेली बाजारला."

"आरं मग तिचा फोन तुझ्याकडं कसा?"

"हितंच ठिवून गेली. बाजारात फोन आला की भाव पडतोय म्हणती."

"पप्प्या, डांबऱ्याला इकू देऊ नगं!"

"म्या हितं, डांबऱ्या आटपाडीत. शेपटाला धरू का काय?"

प्रबुद्धने तोवर मोटरसायकलची किल्ली उचलली होती. तासगाव ओलांडल्यावर त्याला राहवेना.

"मॅडम, मला जनावरांच्या डॉक्टरला कळेल असं सांगा. झालं काय?"

"फंक्शननं आतल्या आत काम करून फक्त उत्तर बाहेर द्यायचं. मी त्याला बाहेरच्या वस्तूलाच हात लावायला सांगितलं."

"म्हणजे मी तुमच्या गोठ्यात गाय तपासायला आलो आणि जाताना स्वयंपाकघरातला गॅस मोठा करून गेलो."

"व्हय. आणि प्रत्येक वेळी आलात की थोडा आणखी मोठा."

"आणि शेवटच्या घराची भाकरी करपली."

"डॉक्टर, गाडीकडं लक्ष द्या."

भिवघाट चढताना मायाच्या डोळ्यांपुढे डांबऱ्या नव्हता, नाना होते. खराट्याची काडी खाली ठेवून "घाल नाव" म्हणणारे. मेंढा काय, दुसरा मिळतो. वाडीवर पुन्हा तोंड वर करून उभं राहता येईल का, हे तिला कुणी सांगू शकत नव्हतं.

आटपाडीला पोहोचले तेव्हा बाजार उलगायला लागला होता. टेम्पोत मेंढरं चढत होती, धुळीत काही दिसत नव्हतं. माया "आत्ती! आत्ती!" करत धावली, तर चार-पाच म्हाताऱ्या वळून बघायला लागल्या. शेवटी तिला घंटेचा आवाज आला.

या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. व्यापारी आणि मालक कापडाखाली हातात हात घेतात आणि बोटं दाबून भाव करतात. बाहेर उभ्या असलेल्यांना काही कळत नाही. पटलं तर हात बाहेर काढून टाळी, सौदा झाला. टाळी होईपर्यंत काहीच झालेलं नसतं. बायका सहसा यात पडत नाहीत. सुलाबाई पडते, आणि तेही व्यापाऱ्याच्या रुमालाखाली हात घालत नाही, त्याला स्वतःच्या पदराखाली हात घालायला लावते. तेव्हा तिचा आणि एका टोपीवाल्याचा हात पदराखाली होता आणि दोघांचे चेहरे देवळातल्यासारखे शांत.

"आत्ती, थांब!"

सुलाबाईने मान वळवली नाही. "बोल की. हात पदराखाली हाय, कान न्हाईत."

"डांबऱ्या पास हाय! माझं गणित नापास झालंय!"

"काय?"

"चूक माझी हाय. डांबऱ्याची न्हाई. हात काढ!"

सुलाबाईने हात काढला आणि पदर सारखा केला. टोपीवाला भडकला.

"आवं मावशे, मेंढा इकायला आनलाय का मिरवायला? सौदा होत आलता!"

"टाळी वाजली का?" सुलाबाई म्हणाली. "न्हाई ना? मग माझ्या पदरात काय झालं त्ये माझ्या पदरात ऱ्हाईलं. जावा."

माया तिच्याकडे बघतच राहिली. हेच तर! आत काय व्हायचं ते होऊ दे, बाहेर यायचं ते टाळी देऊन, बाहेरच्याने मान्य करून. आणि तेव्हाच तिला वाघरीतली ती हाक पुरी आठवली. "एक वाढलं" म्हटलं म्हणून आकडा बदलत नव्हता. आत्ती बाहेरून "आलं" म्हणायची, मग बदलायचा. इतकी वर्षं तिने अर्धीच हाक लक्षात ठेवली होती.

पण हे सांगायला वेळ नव्हता, कारण डांबऱ्याने प्रबुद्धची मोटरसायकल पाहिली होती. चकाकणाऱ्या टाकीत त्याला दुसरा काळा मेंढा दिसला असावा. तो चार पावलं मागे सरला आणि सुटला. गाडी आडवी, प्रबुद्ध त्याहून आडवा, आणि घंटेचा लोलक तुटून धुळीत. मायाने लोलक उचलून पर्समध्ये टाकला.

"ह्यो तुमचा डॉक्टर?" सुलाबाईने विचारलं. "मग उठू दे आपला आपन."

नाना चहाच्या टपरीपाशी बसले होते. एकटे, दोर मांडीवर गुंडाळून. दोर रिकामा होता.

माया समोर जाऊन उभी राहिली. "नाना, यादी चुकली. माझ्याकडनं चुकली. तुमचा मेंढा पास हुता."

नानांनी बशीतला चहा संपवला. "सकाळीच भरला टेम्पोत. लांबचं गिऱ्हाईक हुतं."

"नाना..."

"मशीन म्हनलं असतं तर म्या इकला नसता, पोरी. तू म्हनलीस म्हनून इकला."

मागून सुलाबाई डांबऱ्याला ओढत आली. तिने सगळं ऐकलं होतं. डांबऱ्याचा दोर तिने नानांच्या हातात दिला.

"ह्यो हंगाम ह्यो तुमच्या खांडात ऱ्हाऊ द्या. ह्याचं वाण धरा. मग द्या माघारी."

"घंटा मुकी हाय की ह्याची," नाना म्हणाले.

त्यांच्यात अशी रीत आहे की मेंढा दुसऱ्याच्या खांडात द्यायचा तर वाजत्या घंटेसकट द्यायचा. घंटा मूळ मालकाची, ती वाजत असली की मेंढा परका आहे हे रोज सगळ्यांच्या कानावर राहतं.

"माया दुरुस्त करून आनंल," सुलाबाई म्हणाली आणि घंटा सोडून मायाच्या हातात ठेवली. "तिला दुरुस्त्या करायच्याच हायत आता."

सोमवारी लालासाहेब सरांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "सुधारित यादी म्हणून काढू. सॉफ्टवेअरमधली तांत्रिक अडचण लिहू, विषय संपला."

"सर, सॉफ्टवेअरनं मी सांगितलं तेच केलं," माया म्हणाली. "यादीवर 'आधीची यादी चुकीची' असं लिहू. फोन मी करते."

तिने फोन केले. एकेकाला, स्वतः. शिव्या खाल्ल्या, दोन ठिकाणी जेवणाची आमंत्रणंही मिळाली. प्रोग्राममधले दोन्ही दुहेरी बाण काढून टाकले. आता फंक्शन आपल्या खोलीत आपली काठी वरखाली करतं, उत्तर दाराशी आणून ठेवतं, आणि बाहेरची माया ते तपासून घेते. घेताना ती हळूच "आलं" म्हणते असं प्रबुद्ध सांगतो. प्रबुद्धचं सगळंच खरं धरू नये. पण पुढच्या खेपेला वाडीवर मेंढ्यांची नावं घालायला माया गेली, तेव्हा नानांनी पुन्हा काडीने दात कोरले आणि विचारलं, "गणित कोन करनार? तूच ना?" ती "व्हय" म्हणाली. नाना म्हणाले, "मग दोनदा कर." आणि नाव घातलं.

आता माया, तुझ्याशी.

घंटा घेऊन तू साताऱ्याला माझ्याकडे आलीस, कारण आमच्या गल्लीत तांबट आहे. तुझी घाई, तुझी बस, घंटा माझ्या हातात कोंबलीस आणि पळालीस. दुसऱ्या दिवशी मी तांबटाकडे गेले. त्याने घंटा उलटी करून आत बोट फिरवलं आणि विचारलं, "लोलक कुठाय?" लोलक तुझ्या पर्समध्ये. मी फोन केला, तू म्हणालीस रविवारी आणते. त्यानंतर तू दोनदा आलीस. एकदा पर्स बदलून आलीस, एकदा तांबटाचं दुकान बंद होतं म्हणून लोलक परत घेऊन गेलीस. मला देऊन जायचं तुला सुचलं नाही, मलाही मागून घ्यायचं सुचलं नाही.

हंगाम होऊन गेला. डांबऱ्या अजून नानांच्याच खांडात आहे. सुलाबाई मागत नाही, नाना देत नाहीत, आणि तो मेंढा परका आहे याची आता कुणाला आठवणही राहिलेली नाही. घंटा माझ्या खिडकीत आहे. वारा आला की हलते.